जुन्या गाडीला मोठा अल्टरनेटर बसवण्याआधी

साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की नगर जिल्ह्यातील रस्ते रात्री धोक्याचे होतात. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या अंधारात अचानक समोर येतात. अनेकांना मागे दिवाही नसतो. आपल्या गाडीचे दिवे मंद असतील तर ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही. पंधरा-वीस वर्षांची मारुती आजही कितीतरी घरांचा आधार आहे. नातेवाइकांचा निकाह असो की अम्मीला रात्री दवाखान्यात न्यायचे असो, तीच उपयोगी पडते. म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करणे. त्यानंतर सगळी वीज अल्टरनेटर देतो आणि बॅटरीही भरतो. जुन्या अँबॅसडर-फियाटमध्ये डायनॅमो असे; इंजिन हळू चालताना तो जवळजवळ काहीच देत नसे. अल्टरनेटर त्याहून बरा, पण त्यावर लिहिलेले अँपिअर तोही वेग वाढल्यावरच देतो.

आता हिशेब करू. हेडलाईट १२०, मागचे व इतर छोटे दिवे ३०, रेडिएटरचा पंखा १००, ब्लोअर १००, वायपर ५०, इंजिनची स्वतःची गरज १०० आणि एसीचा क्लच ४० वॉट धरला, तर बेरीज ५४० होते. तिला १३.५ व्होल्टने भागले की ४० अँपिअर येतात. त्यात मोठा साउंड आणि जादा दिवे लावले की कंपनीने दिलेला अल्टरनेटर अपुरा पडू लागतो.

तरीही लगेच नवा घेऊ नये. आधी मीटर लावून पाहावे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. सगळे दिवे, पंखे लावून तोच आकडा अल्टरनेटरच्या टोकावर आणि बॅटरीवर मोजावा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वायरीचा किंवा गंजलेल्या जोडाचा आहे. सैल बेल्ट, झिजलेले कार्बन ब्रश, खराब अर्थिंग हीही नेहमीची कारणे. ही कामे थोड्या पैशांत होतात. काही कारागीर चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून परीक्षा घेतात. तसे करू देऊ नये. आतले डायोड जळतात.

एवढे करूनही वीज कमी पडत असेल तरच मोठा अल्टरनेटर घ्यावा. त्याने बॅटरी जळेल ही भीती अनेकांना वाटते. रेग्युलेटर ठीक असेल तर गाडी मागेल तेवढाच करंट तो देतो. खरा धोका जुन्या बारीक वायरीचा आहे. जास्त करंटने ती तापते, आवरण वितळते आणि आग लागू शकते. म्हणून बॅटरीपर्यंत जाड वायर, बॅटरीजवळ योग्य फ्यूज आणि इंजिन-बॉडीची नवी अर्थिंग यांचा खर्च त्याच दिवशी धरावा. पुली आणि बेल्ट एका रेषेत आहेत का, हेही पाहावे.

काम झाल्यावर सर्व दिवे लावून आकडा आपल्यासमोर मोजून घ्यावा आणि बिलावर लिहून घ्यावा. ६० वॉटच्या जागी १०० वॉटचे बल्ब मात्र लावू नयेत. त्याने होल्डर वितळतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. त्याच्याही गाडीत लेकरे असतात.