पेशींना हाक मारणारे रसायन

शरीर घडत असताना प्रत्येक पेशी जिथे जन्मते तिथेच राहत नाही. अनेक पेशी जन्मस्थान सोडून दूरवर जातात आणि नेमक्या जागी थांबतात. त्यांना ना डोळे, ना नकाशा. मग वाट कोण दाखवते? या प्रश्नाचे एक उत्तर जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीने दिले आहे.

‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स’ हा सडक्या फळांत, पालापाचोळ्यात राहणारा निरुपद्रवी कृमी. शरीर काचेसारखे पारदर्शक, त्यामुळे आत सरकणारी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणीच दिसते. प्रौढ उभयलिंगी कृमीत जननपेशी सोडून मोजून ९५९ पेशी असतात. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात हा कृमी अभ्यासासाठी निवडला. त्यावरील कामासाठी ब्रेनर, जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना २००२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या कृमीला अंडी बाहेर टाकण्यासाठी १६ स्नायूपेशी लागतात. त्या तयार होतात फक्त दोन मूळ पेशींपासून. या दोघी अळीच्या शरीरात मागच्या बाजूला जन्मतात आणि पुढे सरकत जननग्रंथीच्या मध्याशी येऊन थांबतात. तिथे पोहोचल्यावरच त्या विभागून स्नायू घडवतात.

त्यांना बोलावणारा संदेश म्हणजे ‘ईजीएल-१७’ हे प्रथिन. ते फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर, म्हणजे ‘एफजीएफ’ या कुळातले. प्रवासी पेशींच्या पृष्ठभागावर ‘ईजीएल-१५’ हा रिसेप्टर असतो; संदेश त्यावर येऊन बसला की पेशीला दिशा कळते. शास्त्रज्ञांनी हे प्रथिन भलत्याच जागी तयार करवले, तेव्हा पेशीही तिकडे वळल्या. 

यापैकी एखादे जनुक बिघडले तर पेशी मागेच राहतात. स्नायू चुकीच्या जागी तयार होतात, अंडी बाहेर पडत नाहीत आणि आईच्या पोटातच फुटतात. गंमत म्हणजे अशा कृमीतील जननग्रंथी लेसरने काढून टाकली, तर त्याच पेशी आणखी पुढे जातात. म्हणजे जननग्रंथी बोलावते तशी दूरही लोटते. एरवी बोलावण्याचा जोर अधिक असतो, एवढेच.

हे कृमीपुरतेच राहत नाही. एफजीएफ संदेश माणसातही असतात. वयात येण्याची सुरुवात करणारे हार्मोन बनवणाऱ्या आपल्या मेंदूतील पेशी गर्भात नाकाच्या भागात जन्मतात आणि तिथून मेंदूकडे जातात. हा प्रवास फसला, तर मूल वेळेवर वयात येत नाही आणि त्याला वासही कळत नाही किंवा कमी कळतो. हा ‘कालमन सिंड्रोम’. काही रुग्णांमध्ये त्याचे मूळ एफजीएफच्या रिसेप्टरच्या ‘एफजीएफआर-१’ या जनुकात असल्याचे २००३ मध्ये दिसून आले.

हा आजार दुर्मीळ असला तरी त्यावर हार्मोनचे उपचार आहेत. मुलगा चौदाव्या किंवा मुलगी तेराव्या वर्षापर्यंत वयात येण्याचे कोणतेही लक्षण दाखवत नसेल, तर ‘येईल हळूहळू’ म्हणून थांबू नये. फोडणीचा किंवा उदबत्तीचा वास येत नसेल, तर ती गोष्टही डॉक्टरांना आवर्जून सांगावी. एरवी क्षुल्लक वाटणारी ही माहिती निदानाला थेट वाट दाखवू शकते.