यादीच्या पोटांत यादी

"गोविंदानें सखारामास सांगितलें कीं, त्याची वही सांपडली." वही कोणाची, असें विचारल्यास वर्गांत दोन तट पडतील. 'त्याची' हें सर्वनाम कोणाकडे जातें, हें वाक्यावरून ठरत नाहीं. संगणकावर टिपणें ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांस हीच अडचण निराळ्या रूपानें येते. तिचा विचार येथें करूं.

टिडलीविकी ही टिपणवही इंग्लंडांतील जेरेमी रस्टन यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केली. सगळी वही एकाच फाइलींत मावते, व प्रत्येक टिपणास 'टिडलर' म्हणतात. टिडलरास फी, गुण अशीं 'फील्ड' नांवाचीं घरें जोडतां येतात. तींतील 'लिस्ट' हें साधन निवडक टिडलर एकामागून एक घेतें, आणि आपल्या पोटांतील मजकूर प्रत्येकाकरितां एकदां लिहितें. त्या त्या वेळीं हातीं असलेल्या टिडलराचें नांव 'करंटटिडलर' या चलांत ठेविलेलें असतें. हें चल म्हणजे संगणकाचें 'हा' हें सर्वनाम होय.

आतां एका यादीच्या पोटांत दुसरी यादी घालूं. बाहेरची यादी इयत्तांची. प्रत्येक इयत्तेच्या 'फी' या घरांत ठरलेली रक्कम. आंतली यादी त्या इयत्तेंतील मुलांची. प्रत्येक मुलाच्या 'फी' या घरांत भरलेली रक्कम. आठवीची फी १२०० रुपये असून एका मुलानें ९०० रुपये भरले आहेत, असें समजा. बाकी ३०० यावयास पाहिजे. परंतु आंतल्या यादींत 'ह्याची फी वजा ह्याची फी' असें लिहिलें, तर पहिला 'हा' देखील मुलगाच ठरतो. कारण आंतल्या यादीनें बाहेरचा 'हा' झांकून टाकिलेला असतो. ९०० वजा ९००, बाकी शून्य! प्रत्येक मुलापुढें शून्यच येईल, संगणक चुकीची सूचना देणार नाहीं, आणि पालक व शाळा दोघेही त्या कागदावर विश्वास ठेवतील.

उपाय सोपा आहे. बाहेरच्या लिस्टेस 'व्हेरिएबल' या गुणानें स्वतंत्र नांव द्यावें, उदाहरणार्थ, 'वर्ग'. मग इयत्ता 'वर्ग' या चलांत सुरक्षित राहते आणि 'हा' मुलाकरितां मोकळा राहतो. वर्गाची फी 'गेट' या क्रियेनें वाचावी व तींतून ह्याची फी 'सबट्रॅक्ट' करावी, ३०० येतील. मात्र निवडीच्या सूत्रांत 'वर्ग' हा शब्द कोनदार कंसांतच घालावा. चौकोनी कंसांत घातल्यास संगणक तीं अक्षरेंच शोधूं लागतो, आणि यादी रिकामी येते. शिवाय, ज्या लिस्टेस असें नांव दिलें, ती 'करंटटिडलर' बदलीत नाहीं, हेंही ध्यानांत असावें. आंतल्या लिस्टेसही नांव दिल्यास 'ह्याची फी' मुलाची राहणार नाहीं.

दुसरी एक गोष्ट. यादीच्या पोटांत 'लेट' या साधनानें केलेलें चल त्याच्या शेवटच्या खुणेपाशीं संपतें. पुढच्या फेरीस त्याची ओळख नसते. म्हणून प्रत्येक फेरींत थोडी थोडी भर घालून एकूण बेरीज करूं म्हटल्यास ती होत नाहीं. बेरीज हवी असल्यास सर्व रकमा एकाच सूत्रांत गोळा करून 'सम' ही क्रिया लावावी. नुसता अनुक्रमांक हवा असेल, तर लिस्टेचा 'काउंटर' हा गुण पुरेसा आहे.

विद्यार्थिमित्रहो, यादी लिहिण्यापूर्वीं प्रत्येक 'हा' म्हणजे कोण, तें कागदावर मांडा. आणि यादी तयार झाल्यावर दोनतीन नांवांचा हिशेब हातानें करून पाहा. ज्या मुलाची बाकी खरोखर राहिली आहे, त्याचें नांव त्यांत अवश्य असूं द्या.