मातीचं भांडं असं जपा

इटियाडोह धरणाच्या परिसरात पिकतो धान आणि मिळते ताजी मासळी. दोन्हीसाठी बिनझिलईचं मातीचं भांडं उत्तम.

• भाजणी : गावठी मडकं साधारण १००० अंश सेल्सिअसच्या आत भाजतात, म्हणून ते पाणी शोषतं. जपानचं बिझेन भांडं १२०० अंशांच्या आसपास भाजल्याने झिलईविना घट्ट होतं.
• पहिला वापर : रात्रभर पाण्यात बुडवा, सुकवा, मग तांदळाची पेज मंद आचेवर उकळा. पिठूळ पाण्याने छिद्रं बुजतात.
• आच : हळूहळू वाढवा. तापल्या भांड्यात गार पाणी ओतू नका, तडा जातो.
• धुणं : साबण टाळा, तो छिद्रांत मुरतो. गरम पाणी, राख आणि काथ्या पुरेसा.
• साठवण : उन्हात पूर्ण वाळवूनच ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

घेताना टिचकी मारा. खणखणीत वाजलं तरच भांडं घरी आणा.