मार्गारिटा शाकाहारी आहे, हे मशीनला कोण सांगणार?

समजा, तुम्ही पिझ्झाची ऑन्टॉलॉजी बनवताय, म्हणजे पिझ्झाबद्दलची माहिती मशीनला अर्थ लावता येईल अशी मांडताय. 'मार्गारिटावर टोमॅटो असतो, मोझरेला चीज असतं' असं लिहिलंत. आता रीझनरला, म्हणजे निष्कर्ष काढणाऱ्या सॉफ्टवेअरला विचारा: ही शाकाहारी का? 'हो' येत नाही! जे लिहिलं नाही ते तो खोटं मानत नाही. वर चिकनही असू शकतं. 'याखेरीज काही नाही' हे वेगळं सांगावं लागतं. २००४ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका नोंदवल्या, त्यात ही होती. पिझ्झाच्या जागी औषध आणि रुग्णाची ॲलर्जी ठेवून बघा. म्हणून नर्सला तर्कशास्त्राची चिन्हं दाखवण्याआधी साधं विचारा, "एवढंच, की आणखी काही?" उत्तर तिला ठाऊक असतं, ते लिहून घेणं आपलं काम.