टॅलबजेराच्या काठी, आईच्या चालीने

परदेशी मुलांकडे काही महिन्यांसाठी निघालेले अनेक ज्येष्ठ रुग्ण प्रवासापूर्वी प्रकृती दाखवण्यास माझ्याकडे येतात. परतल्यावर त्यांतील बहुतेकांची तक्रार एकच असते : ‘डॉक्टर, सगळे छान होते, पण घरात बसून बसून सांधे धरले.’ माझी आई ब्रिस्बेनला धाकट्या भावाकडे गेली, तेव्हा तिच्या बाबतीत हा दोष सर्वस्वी माझा होता. आदल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरून पडली होती. हाड मोडले नाही, परंतु मन मोडले. आणि मी डॉक्टर असूनही तिला धीर देण्याऐवजी ‘आता एकटी कुठे जाऊ नकोस’ असे बजावले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती भावाच्या घरात खिडकीपाशी बसून राहू लागली.

मी महिनाभराने तेथे पोहोचलो, तेव्हा भावाने एका सहलीचे ठरवले होते. ब्रिस्बेनच्या दक्षिणेस, गोल्ड कोस्टवर, टॅलबजेरा नावाची छोटी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी बर्ली हेड्सचा डोंगर आहे. युगांबे भाषा बोलणारे तेथील मूळ निवासी, कोंबुमेरी लोक, त्याला ‘जेलुर्गल’ म्हणतात. याच नावाचे त्यांचे सांस्कृतिक केंद्र डोंगराच्या पायथ्याशी असून तेथील वाटाडे आपल्याला बरोबर घेऊन हा परिसर चालत दाखवतात.

आमची वाटाडी तिशीतली तरुणी होती. तिने आईला पाहताच ‘आंटी’ म्हणून हाक मारली. पुढे तिने उलगडून सांगितले, की त्यांच्या समाजात आंटी आणि अंकल ही ज्ञानी वडीलधाऱ्यांना आदराने दिलेली संबोधने आहेत. नाते नसले तरी चालते. आईला हे समजावून सांगावे लागले नाही. आपल्याकडे तरी बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंना आपण ‘मावशी’ दुसऱ्या कोणत्या कारणाने म्हणतो?

डोंगराची घडण आपल्या ओळखीची वाटावी अशीच आहे. सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी दक्षिणेकडील वोलुंबिन ज्वालामुखीतून वाहिलेल्या लाव्हाचा हा काळा पाषाण. सह्याद्रीच्या कड्यांचा सोयराच. कोंबुमेरींच्या परंपरेत मात्र हा डोंगर जाब्रीन नावाच्या सृष्टिकर्त्याने घडवला आणि काठचे लांबट खडक ही त्याची बोटे. वाटाडी ही कथा सांगत असता मध्येच थांबली व म्हणाली, ‘आता थोडा वेळ फक्त ऐका.’ लाटा, वाऱ्यात घासणारी पाने, दूरवर एक पक्षी. दोन मिनिटे कोणी बोलले नाही. आईचा श्वास, जो चढावर नेहमी घाबरा होतो, तो संथ झाल्याचे माझ्या लक्षात आले.

पुढच्या वळणावर एक झाड आले आणि आई एकदम म्हणाली, ‘अरे, ही केतकीच ना रे?’ केतकीच्याच कुळातले पॅन्डॅनस होते ते. त्याच्या पानांच्या टोपल्या विणतात, हे ऐकल्यावर आईने बाकावर बसून, हातात काही नसताना, माहेरी गुहागरकडे माडाच्या झावळ्यांची झापे कशी विणत, ते बोटांनी करून दाखवले. तरुणी तिच्यासमोर उकिडवी बसून पाहत राहिली. भाषांतर करण्यास भाऊ पुढे झाला, पण त्याची गरज लागली नाही.

काठावर शिंपल्यांचे जुने थर आहेत. कित्येक पिढ्यांच्या जेवणांचे हे अवशेष. वाटाडीने सांगितले, की मागचा गट काय खाऊन गेला हे वरच्या थरावरून कळे आणि पुढचा गट दुसरे काही खाई, म्हणजे संपले ते पुन्हा वाढे. आईने एक शिंपला उचलला होता. हे ऐकून तिने तो जागेवर ठेवला. मग तरुणी स्वतःविषयी बोलली. तिच्या आजीला लहानपणी स्वतःची भाषा बोलण्यास मनाई होती. त्या काळी सरकार मूळ निवासींची मुले आई-बापांपासून हिरावून नेत असे. त्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी. आता ही नात तुटक शब्द गोळा करून भाषा शिकते आहे. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

आपण किंवा आपले आई-वडील तिकडे जाणार असाल, तर डॉक्टर म्हणून थोडे सांगतो. थंडीचे महिने, म्हणजे जून ते ऑगस्ट, उत्तम; हवा सुखद असते आणि नशीब असेल तर कड्यावरून देवमासेही दिसतात. दरड कोसळल्यास वाट बंद असते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि चढ-पायऱ्या किती, हेही विचारून घ्यावे. ऊन तेथे फार प्रखर. रुंद काठाची टोपी हवीच. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी बाकावरून उठताना घाई करू नये, क्षणभर उभे राहून मगच पाऊल टाकावे. लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या सोयीसाठी परस्पर बंद करू नये. वेळ बदलायची असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारावे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. सोबत्याने पुढे न चालता बाजूने चालावे. मी नेमका पुढे चालत असे.

आई आता परत आली आहे. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत एकटी जाते. तिचा उजवा गुडघा दुखतो, म्हणून काठी डाव्या हातात हवी. ती विसरून उजव्या हातात घेते आणि मी गॅलरीतून ओरडतो.