अब्ज म्हणजे किती?

आमच्या एका स्नेह्यांनी मुलांसाठी ताऱ्यांवर छोटेखानी पुस्तक लिहावयास घेतले होते. आधाराला त्यांच्यापाशी लंडनमध्ये छापलेला एक जुना ग्रंथ होता. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा पंचवीस बिलियन मैलांवर आहे, असे त्यात वाचून त्यांनी '२५ अब्ज मैल' असे मराठी केले आणि मजकूर छापखान्यात धाडला. पुढे एक अमेरिकन पुस्तक हाती आले. त्यात तेच अंतर पंचवीस ट्रिलियन मैल! स्नेही घाबरेघुबरे होऊन आमच्याकडे आले. त्यांचे २५ अब्ज खरे धरले, तर तो तारा नेपच्यूनच्या जेमतेम नऊपट अंतरावर, म्हणजे आपल्या अंगणातच येऊन बसतो.

तारा हलला नव्हता. शब्द हलला होता. १४८४ साली निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाने मिलियनच्या पुढची नावे लावून दिली. त्याच्या रीतीने मिलियन वेळा मिलियन म्हणजे बिलियन. एकावर बारा शून्ये. पुढे फ्रान्समध्येच काहींनी तीन-तीन शून्यांवर नाव बदलण्याची टूम काढली, तेव्हा बिलियनची शून्ये नऊच उरली. अमेरिकेने ही धाकटी बिलियन उचलली, इंग्लंडने थोरली धरून ठेवली. आणि गंमत पाहा: १९६१ साली फ्रान्सने सरकारी हुकमाने थोरली पक्की केली, तर १९७४ साली पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी ब्रिटिश सरकारच्या आकड्यांसाठी धाकटी मान्य केली. दोन शेजाऱ्यांनी जणू घरेच बदलली! जर्मनीत बिलियन आजही बारा शून्यांची आहे, नऊ शून्यांना तेथे मिलियार्डे म्हणतात. १९२३ च्या भयंकर महागाईनंतर तेथे नवा मार्क निघाला, तो एक बिलियन कागदी मार्कांना एक या भावाने. आपल्या हिशेबाने लाख कोटींना एक. ही बिलियन अमेरिकन समजून वाचणारा त्या लोकांची हानी हजारपटीने कमी लेखील.

श्रोतेहो, युरोपियनांना हसण्याआधी आपल्या घरात डोकावू. वाजसनेयी संहितेत एकापासून दसपटीने चढत जाणारी नावे आहेत. शेवटचा परार्ध म्हणजे एकावर बारा शून्ये. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) परार्धावर सतरा शून्ये आहेत. नाव तेच, मोल लाखपट! अर्बुदाची कथा याहून मौजेची. संहितेत ते एक कोटी, लीलावतीत दहा कोटी, आणि त्यावरूनच आलेला हिंदीतला 'अरब' शंभर कोटी. मराठीने मात्र लीलावतीतला अब्ज घेतला, तो नऊ शून्यांसह जशाचा तसा. म्हणून हिंदी अरब आणि मराठी अब्ज आज एकाच ठिकाणी भेटतात. पण हिंदी खरबावर अकरा शून्ये आणि लीलावतीच्या खर्वावर दहा, हे अनुवादकाने विसरू नये.

आपली कोटी परदेशी गेली तेव्हा तिचे काय झाले? इराणात ती 'करूर' झाली आणि पाच लाखांवर आली. १८२८ च्या तुर्कमानचाय तहात रशियाने इराणवर दहा करूर तोमान दंड बसवला. आपला कारकून ते दहा कोटी वाचील. होते पन्नास लाख. तह करणारे शहाणे, त्यांनी लागलीच 'म्हणजे दोन कोटी चांदीचे रूबल' असे लिहून ठेवले.

चीन-जपानात तर पायरीच निराळी. तेथे नाव चार शून्यांवर बदलते: जपानीत दहा हजाराला 'मान', दहा कोटींना 'ओकु', लाख कोटींना 'चो'. आपल्याकडे हजारानंतर दोन-दोन, पाश्चात्त्यांकडे तीन-तीन, तेथे चार-चार. जपानी ताळेबंद मराठीत आणणाऱ्याने शून्ये बोटांनी मोजावीत हेच बरे. आम्ही तसेच करतो आणि त्यात कमीपणा मानत नाही.

स्नेह्यांना आम्ही पहिली गोष्ट विचारली ती ग्रंथ कोठे आणि केव्हा छापला ही. लंडन, १९७४ च्या बराच आधी. म्हणजे थोरली बिलियन. त्यांनी '२५ अब्ज' खोडून '२५ लाख कोटी' लिहिले, शेजारी पंचवीसवर बारा शून्ये काढली, आणि फर्मा यंत्रावर चढण्यापूर्वी छापखाना गाठला.