विश्लेषण : ‘गोपनीय’ शिक्क्याचा कागद छापला तर पत्रकार गुन्हेगार ठरतो का?

राफेल विमान खरेदीची कागदपत्रे संरक्षण मंत्रालयातून चोरीला गेली असून, ती छापणाऱ्यांवर कारवाईचा विचार सुरू आहे, असे तत्कालीन महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी ६ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात सांगितले. दोनच दिवसांत खुलासा आला. फायली चोरीला गेल्या असे म्हणणे चुकीचे आहे, याचिकाकर्त्यांनी मूळ कागदांच्या छायाप्रती वापरल्या एवढेच आपल्याला सांगायचे होते, असे ते म्हणाले. पण तोवर ‘ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट’ हे नाव घरोघरी पोहोचले होते. संरक्षण, युद्ध किंवा परराष्ट्र व्यवहाराची शोधबातमी करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हा कायदा टांगलेला असतो. तो नेमका किती धारदार आहे?

कायदा काय म्हणतो?

शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातला. त्याचे कलम ३ हेरगिरीसाठी आहे. लष्करी आस्थापना, दारूगोळा अशा बाबतींत त्याखाली १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कलम ५ गोपनीय माहिती बेकायदा देण्याघेण्याबद्दल आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पत्रकाराला खरी भीती या दुसऱ्या कलमाची, कारण माहिती देणारा अधिकारी जसा आरोपी, तसाच ती जाणूनबुजून स्वीकारणाराही. गंमत अशी की ‘गुपित’ म्हणजे काय, याची व्याख्याच या कायद्यात नाही. कागदावर ‘गोपनीय’चा शिक्का मारायचा की नाही, हे प्रत्यक्षात सरकारी कार्यालयच ठरवते. आपल्याच चुकीच्या कागदावर तो मारायचा मोह कुणाला होणारच नाही, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये हा कायदा रद्द करून हेरगिरीपुरत्या तरतुदी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घ्याव्यात, अशी शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली.

राफेल प्रकरणात काय ठरले?

३६ विमानांचा करार सप्टेंबर २०१६ मध्ये झाला. ‘द हिंदू’ने ८ फेब्रुवारी २०१९ रोजी संरक्षण मंत्रालयाची नोव्हेंबर २०१५ मधील टिपणी छापली. पंतप्रधान कार्यालय फ्रान्सशी समांतर वाटाघाटी करत असल्याने मंत्रालयाच्या चमूची बाजू कमकुवत होते, असा आक्षेप तिच्यात होता. त्याच दिवशी टिपणीचा उरलेला भागही बाहेर आला. त्यावर तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रिकर यांचा शेरा होता. आक्षेपाचा एक परिच्छेद अतिरेकी वाटतो आणि सचिवांनी पंतप्रधानांच्या प्रधान सचिवांशी बोलून विषय सोडवावा, असा त्याचा आशय. वृत्तपत्राने अर्धाच कागद दाखवला, अशी टीका झाली. ती गैरलागू नव्हती. शोधबातमीत हाती लागलेला कागद हा क्वचितच संपूर्ण फायल असतो आणि वाचकाला तसे सांगणे हाही बातमीचाच भाग असतो.

यशवंत सिन्हा, अरुण शौरी आणि प्रशांत भूषण यांनी हे कागद फेरविचार याचिकेला जोडले. सरकारने विशेषाधिकाराचा दावा करून ते विचारात घेऊ नयेत, असे म्हटले. सरन्यायाधीश रंजन गोगोई, न्या. संजय किशन कौल आणि न्या. के. एम. जोसेफ यांनी १० एप्रिल २०१९ रोजी हा आक्षेप एकमताने फेटाळला. गोपनीय शिक्क्याचे कागद छापण्यापासून रोखण्याचा किंवा न्यायालयापुढे आणण्यास मनाई करण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला दिलेला नाही, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ८(२) चाही आधार त्यात आहे. लोकहित हानीपेक्षा मोठे असेल तर गुपिते कायदा आड येत नाही, असे ते कलम सांगते.

मात्र हा निकाल कागद पुराव्यात घेता येतो की नाही, यावरचा होता. फेरविचार याचिका नोव्हेंबर २०१९ मध्ये फेटाळल्या गेल्या. कलम ५ जसेच्या तसे आहे. छापण्याआधी सरकार रोखू शकत नाही, याचा अर्थ छापल्यानंतर गुन्हा दाखल होणार नाही, असा होत नाही.

देवळालीत काय घडले होते?

याचे उदाहरण नाशिकजवळच्या देवळालीतच आहे. लष्करात अधिकाऱ्यांच्या दिमतीला ‘सहायक’ म्हणून दिलेल्या जवानांकडून घरकाम करून घेतले जाते, हे दाखवणारी छुप्या कॅमेऱ्याची चित्रफीत एका वृत्तसंकेतस्थळाने फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. ही पद्धत बंद करावी, असे संसदेच्या स्थायी समितीनेही त्याआधी सुचवले होते. मार्चच्या सुरुवातीला देवळालीतील एका जवानाचा मृतदेह सापडला. महिनाअखेरीस महिला पत्रकारावर आणि तिला मदत करणाऱ्या, कारगिल युद्धात लढलेल्या एका माजी सैनिकावर गुन्हा नोंदवला गेला. त्यात आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप होता आणि शासकीय गुपिते कायद्याचीही कलमे होती. जवान कुत्री फिरवतात, मुलांना शाळेत सोडतात, यात कुठले लष्करी गुपित? मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये हा गुन्हा रद्द केला. पण दोन वर्षे गेलीच. आणि छुप्या कॅमेऱ्यासमोर बोलणारा कनिष्ठ जवान उद्या कुणाच्या तोंडी जाणार आहे, हा प्रश्न न्यायालयाच्या निकालाने पत्रकारितेपुरता मिटत नाही.

इफ्तिखार गिलानी यांच्या वाट्याला याहून वाईट आले. ‘काश्मीर टाइम्स’चे दिल्लीतील हे पत्रकार जून २००२ मध्ये पकडले गेले. जम्मू-काश्मीरमधील सैन्यबळाची माहिती त्यांच्या संगणकात सापडली होती. ती इस्लामाबादमधील एका संस्थेने आधीच प्रसिद्ध केलेली, कुणालाही वाचता येईल अशी होती. तिच्यात घातक काही नाही, असे अखेर लष्करी गुप्तवार्ता विभागानेच कळवले आणि जानेवारी २००३ मध्ये खटला मागे घेतला गेला. तोवर तिहारमध्ये सात महिने झाले होते.

अमेरिकेत वेगळे आहे का?

राफेल निकालात न्यायालयाने ज्या अमेरिकी खटल्याचा दाखला दिला, तो ‘पेंटागॉन पेपर्स’चा. व्हिएतनाम युद्धाबद्दल सरकार जनतेशी खोटे बोलत होते, हे दाखवणारा सुमारे सात हजार पानांचा गुप्त अहवाल डॅनियल एल्सबर्ग यांनी फोडला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १३ जून १९७१ पासून तो छापायला घेतला. सरकारने मनाई मिळवली, पण ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती उठवली. सरकारची बाजू मांडणारे सॉलिसिटर जनरल अर्विन ग्रिसवोल्ड यांनी १९८९ मध्ये लिहून टाकले, की या प्रकाशनाने राष्ट्रीय सुरक्षेला धोका झाल्याची कुठलीही खूण आपल्याला दिसलेली नाही. वृत्तपत्र सुटले. एल्सबर्ग यांच्यावर मात्र ११५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकेल असे आरोप होते. तपासात सरकारनेच केलेले गैरप्रकार उघड झाले, म्हणून १९७३ मध्ये तो खटला कोसळला.

मग गुप्तता कधीच नको?

तसे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली वाहिन्यांवर थेट दिसत होत्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार त्या पाहून दहशतवाद्यांना फोनवरून सूचना देत होते. कसाबच्या २०१२ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना यावरून सुनावले. आता दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर २०१५ पासून नियमानेच बंदी आहे. चालू कारवाई आणि चार वर्षांपूर्वीची खरेदीची फायल, या दोहोंना एकच ‘राष्ट्रीय सुरक्षा’ लावली की घोळ होतो. ‘मीडियावन’ या मल्याळी वाहिनीवरील बंदी उठवताना सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने एप्रिल २०२३ मध्ये हेच बजावले : सुरक्षेचा दावा हवेतून करता येत नाही, त्यामागे तथ्य दाखवावे लागते.

सर्वात उघड्यावर कोण?

माहिती देणारा. पत्रकाराला स्रोत उघड न करण्याचे कायदेशीर संरक्षण भारतात जवळपास नाही. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यातील सवलत फक्त कौन्सिलपुढच्या चौकशीपुरती आहे, पोलीस किंवा न्यायालयापुढे ती चालत नाही. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी संसदेने केलेल्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मे २०१४ मध्येच मिळाली. तो लागू करण्याची अधिसूचना मात्र निघालेली नाही.